चीर आहे का?

मिरजेत ओक म्हणजे गणिताचे मास्तर.
इथे लेडबरीत ओक म्हणजे हे झाड,
चर्चमागच्या कुंपणावर रेललेलं,
आणि नोव्हेंबरात त्याच्याखाली वाकून फिरणारी मी,
जणू कानातलं हरवलंय.

काही पडलंय का, कुत्रेवाल्या बाईंनी विचारलंही.
पान पडलंय, म्हटलं. तेच शोधतेय.

गळलेलं, पिवळं, भिजून लोळागोळा झालेलं पान,
आणि देठाशी, मधल्या शिरेला लगटून
नखाएवढं हिरवं.
आतल्या अळीनं राखून ठेवलेलं.
झाडानं हात काढून घेतला
तेव्हा तिचं जेवण अर्ध्यावर होतं.

स्वयंपाकघरातल्या दिव्यावर धरलं.
फुगलेल्या पोळीचे पदर सुटतात आणि मधे वाफ राहते,
तिथे ही राहते.
एवढ्याशा जागेत ती उताणी की पालथी
हेसुद्धा पुस्तकात पाहायला सांगितलंय.
शेजारच्या पानावर दुसरीच कुणीतरी
हात न उचलता मोडीत काहीबाही लिहून
उन्हाळ्यातच निघून गेलेली.
ते मला लागलं नाही. सोडून दिलं.

चौतीस वर्षं हेरफर्डच्या इस्पितळात
लोकांच्या गाठींचे काप काचेवर चिकटवले,
जांभळे-गुलाबी केले, वर पाठवले.
नाव द्यायचं काम वरच्या मजल्याचं.
शैलजा, तुला काय वाटतं,
असं जिना उतरून कुणी आलं नाही.

फॉर्म भरला. चौकोन क्रमांक, तारीख,
अवस्था: अळी. संख्या: एक.
नाव लिहिताना पेन्सिल घेतली.

जिल्ह्यातल्या पतंगांचा हिशेब ग्विलिम प्रॉसर ठेवतात.
आधी त्यांना वाटलं, पतंग म्हणजे उडवायचे
असंही तुमच्याकडे म्हणतात, हे मी गंमत म्हणून सांगतेय.
मग उत्तर आलं, एका ओळीचं:
खालच्या बाजूला चीर आहे का?

कारण अशा दोघी आहेत, जुळ्या म्हणाव्या तर.
एक जमिनीला चीर पाडून केर बाहेर लोटते,
दुसरी सगळा केर घरातच साठवते.
चीर असेल तर एक नाव. नसेल तर दुसरं.

आणि मी शहाणी, ते पान
दुपारीच झाडाखाली ठेवून आले होते,
तिला मातीत उतरता यावं म्हणून.

साडेचारला काळोख. टॉर्च, रबरी बूट, गुडघ्याखाली प्लास्टिकची पिशवी.
पानं उलटत गेले. शंभर, दीडशे.
ओल्या कागदांच्या गठ्ठ्यासारखी ती एकमेकांना धरून होती.
कुत्रेवाल्या बाई परत फिरल्या,
यावेळी काही विचारलं नाही,
त्यांचा टॉर्च मात्र थोडा वेळ माझ्या हातावर धरला.

मिळालं. हिरवं, त्याच बाजूला, तेवढंच.
पालथं केलं. चीर होती,
ब्लेडनं अलगद काप घ्यावा तशी,
कडेला काळ्या भुकटीचे चार कण.
पण तेच पान का?
शपथेवर सांगणार नाही.

म्हणून दोन नोंदी केल्या.
पहिली, दुपारची: जोडीतली कुठली ते अनिश्चित.
दुसरी, संध्याकाळची: चीर आहे.

मोठी झाल्यावर ती काळी असते, अंगावर पांढरे ठिपके,
तांदळाच्या कणीएवढी.
मी पाहिलेली नाही. जूनमध्ये बघू.

प्रॉसरांनी यादीचं पान पाठवलंय.
माझ्या वरची ओळ अठ्ठ्याऐंशी सालची, कुणी ई. ट्रँटर.
मधे काही नाही. छत्तीस वर्षं तिला कुणी हाक मारली नाही,
ती आपली केर काढत राहिली.
शेवटचा रकाना: कोणी ओळखलं.
त्यात तेरदाळकर मावलं नाही, कर कापला गेला.
आता हेरफर्डशरमधल्या एका अळीपुढे
तेरदाळ एवढंच छापलंय.

आमचं मूळ गाव. मी तिथे कधी गेलेले नाही.